चौदा महिने, एकसष्ट लेख आणि बहिणीचा दुसरा फोन

शिसपेन्सिल

मेकअप आणि रोजचा पेहराव यांवर ब्लॉग लिहायला लागून मला चौदा महिने झाले. एकसष्ट लेख झालेत. नेमाने वाचणारे म्हणाल तर मी, माझी बहीण आणि बहिणीचा दुसरा फोन.

दर महिनाअखेरीला 'या महिन्यात आवडलेलं' असा लेख टाकते. सहा-सात वस्तू, प्रत्येकीचा फोटो, खाली चार ओळी. अख्खा रविवार त्यात जातो आणि वाचत कोणी नाही. दुसऱ्या एका ब्लॉगवर अगदी अशाच याद्या असतात आणि खाली प्रतिक्रियांची रांग लागलेली असते. तेव्हा पोटात दुखतं, हे कबूल करते.

म्हणून दोन प्रश्न एकाच धाग्यात. तुमची खरीखुरी आवडती प्रसाधनं कोणती? आणि ज्यांचा ब्लॉग थोडाफार चालतो त्यांनी सांगा, तो कशामुळे चालायला लागला?

सुरुवात माझ्यापासून: टिंट (हलका रंग) असलेलं सनस्क्रीन, काळ्याऐवजी गडद तपकिरी आय पेन्सिल, विटकरी सॅटिन लिपस्टिक, पापण्या वळवायचा चिमटा आणि जांभळट गुलाबी क्रीम ब्लश. ब्लश गेल्याच आठवड्यात घेतलाय, पण वेड लावलंय त्याने.

आळशी_कोळी

आत्ताच तुझ्या ब्लॉगवर फेरी मारून आले. आज आकडा वाढलेला दिसला तर ती मी.

रागावू नकोस, पण मी मोजलं. चौदा याद्यांत मिळून ऐंशीच्या वर 'आवडत्या' वस्तू आहेत. चार वेगवेगळ्या लिपस्टिका 'आयुष्यभर पुरणाऱ्या' आहेत. आणि आठ दिवसांचा ब्लश आवडता कसा गं? तो अजून पाहुणा आहे.

मी तीन वर्षांपूर्वी स्वतःपुरता एक नियम केला. डबी तळापर्यंत संपली आणि मी तीच पुन्हा आणली, तरच ती आवडती. बाकी सगळं 'वापरून बघतेय' या सदरात. तीन वर्षांत या नियमातून पाचच वस्तू पार झाल्या: साधी पेट्रोलियम जेली, जेलसारखं एसपीएफ ५० सनस्क्रीन, भुवयांचं बिनरंगी जेल, एक जांभळट लिपस्टिक आणि मोठ्या दातांचा कंगवा. (कंगवा प्रसाधनात येत नाही हे माहीत आहे. वाद घालू नका.)

यादी आटली तशी लिहायला मजा यायला लागली. प्रत्येक वस्तूबद्दल सांगण्यासारखं काहीतरी साठलेलं असायचं. कितव्या महिन्यात पंप अडकला, थंडीत क्रीम कसं दगड झालं, झाकण पर्समध्ये कसं उघडलं. सोबत 'पुन्हा न आणलेलं' अशी दुसरी यादी सुरू केली. माझ्याकडे सगळ्यात जास्त वाचली जाते ती ही दुसरी.

मोरपंखी

+१. 'पुन्हा न आणलेलं' हे नाव ढापणार आहे, आधीच सांगून ठेवते. बाकी, वाचते आहे.

रसायन_मावशी

(प्रसाधनांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, म्हणून हे नाव. कंपनी विचारू नका.)

पेट्रोलियम जेलीला माझंही मत. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. त्वचेतलं पाणी उडू न देण्याच्या कामात आजही तिची बरोबरी करणारं फारसं काही नाही. पण ती स्वतः ओलावा देत नाही, असलेला अडवून धरते. म्हणून ती तोंड धुतल्यावर, त्वचा ओलसर असतानाच लावायची. असं एक वाक्य तुमच्या यादीत आलं की वाचणारीच्या हाती काहीतरी लागतं. 'खूप मॉइश्चरायझिंग आहे' यातून काहीच लागत नाही.

शिसपेन्सिल, तुझ्या टिंटवाल्या सनस्क्रीनबद्दल तू लिहिलंयस, 'छान ग्लो येतो'. त्याचा खरा गुण तू सोडूनच दिलास! टिंटमध्ये आयर्न ऑक्साइड असतात आणि ते दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतात. साधी सनस्क्रीन ते काम नीट करत नाहीत. ज्यांना वांग आहेत त्यांना हा फरक महत्त्वाचा, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाहीत, दृश्य प्रकाशानेही वाढतात.

आणि एसपीएफच्या आकड्यांवरून भांडणं होतात, म्हणून सांगून टाकते. १५ एसपीएफ यूव्हीबी (त्वचा भाजणाऱ्या अतिनील) किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवतं, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० मध्ये कागदावर एका टक्क्याचा फरक. घोळ होतो तो मात्रेत. चाचणीत दर चौरस सेंटिमीटर त्वचेला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं, आणि घरी आपण सहसा त्याच्या निम्मंही लावत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीच्या रेघा ओढायच्या. चेहरा आणि मान मिळून तेवढं लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. यूव्हीएसाठी (जास्त खोल जाणाऱ्या अतिनील किरणांसाठी) एसपीएफ बघून उपयोग नाही, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असं लिहिलंय का ते बघा, किंवा पीएपुढच्या अधिकच्या खुणा मोजा.

घटकांची यादी वाचायची एक युक्तीही घ्या. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कसेही मांडायची मुभा असते. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक युरोपात जास्तीत जास्त १ टक्का वापरता येतं. तेव्हा यादीत ते नाव शोधायचं. जाहिरातीत मिरवलेला अर्क त्याच्याही खाली असेल, तर तो नावापुरताच असण्याची शक्यता दाट. अपवाद आहेत, रेटिनॉलसारखे घटक थोडक्यातही काम करतात. (रेटिनॉल रात्रीच लावायचं, आणि गरोदरपणात अजिबात नाही.)

झगमग

मावशी, माहिती छान, पण हे सगळं वाचणार कोण? लोकांना रंग बघायचे असतात, टक्केवारी नाही. माझ्या ब्लॉगला सहा वर्षं झाली. मी चांगलंच लिहिते, वाईट काही लिहीत नाही. कंपन्या वस्तू पाठवतात, मी फोटो काढते, दोघंही खूश. 'पुन्हा न आणलेलं' वगैरे लिहिलंत की पार्सलं बंद होतील, मग बसा.

आळशी_कोळी

झगमग, पार्सलं येतात हे लेखाच्या वर लिहितेस का?

झगमग

खाली लिहिते. हॅशटॅगांमध्ये.

जुनाट

खाली, हॅशटॅगांच्या गर्दीत म्हणजे न लिहिल्यासारखंच हो. फुकट आलेली वस्तू असो की पैसे घेऊन लिहिलेला लेख, ते पहिल्या दोन ओळींत साध्या शब्दांत सांगायचं. 'ही वस्तू कंपनीने पाठवली आहे, लेखासाठी पैसे घेतलेले नाहीत.' झालं. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांना 'स्पॉन्सर्ड' ही खूणही लावायची. गूगलने ती २०१९ मध्ये आणली, त्याआधी सरसकट 'नोफॉलो' (हा दुवा शोधात धरू नका, अशी खूण) लावत. ती न लावल्यास शोधात मागे पडण्याचा धोका आपल्या माथी, कंपनीच्या नव्हे.

आणि करारात एक गोष्ट बघत जा: तुमचा फोटो ते किती काळ आणि कुठे वापरणार. मी एकदा न बघता होकार दिला होता. दोन वर्षांनी माझाच चेहरा एका जाहिरातीत दिसला आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

आता मूळ प्रश्न. मी हे ब्लॉग अगदी लहान होते तेव्हापासून बघतोय. (हो, बाप्या आहे. शर्टांवर लिहितो.) २००८ मध्ये टॅवी गेविन्सन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या खोलीत फोटो काढून 'स्टाइल रूकी' सुरू केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अॅरी सेथ कोहेन यांनी रस्त्यावरच्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांचे फोटो टाकायला घेतले, तो 'अॅडव्हान्स्ड स्टाइल'. दोघांकडेही नव्या वस्तूंची रेलचेल नव्हती. त्यांच्याकडे जे बघायला मिळायचं ते दुसरीकडे कुठे नव्हतं, एवढंच.

माझं खरं नुकसान मात्र वेगळ्याच गोष्टीने झालं. माझे नेमाने वाचणारे गूगल रीडरमधून (सगळ्या ब्लॉगांचे नवे लेख एकाच जागी वाचायची सोय) यायचे. १ जुलै २०१३ ला तो बंद झाला आणि निम्मी मंडळी कुठे गेली ते कळलंच नाही. मग पॉलिव्होरवर कपड्यांच्या जोड्या लावत बसलो. एप्रिल २०१८ मध्ये ती साइट दुसऱ्या कंपनीने घेतली आणि बंद केली. तेव्हापासून दोनच गोष्टी धरून आहे: स्वतःच्या नावाचं डोमेन आणि वाचकांचे ईमेल पत्ते. बाकीच्या सगळ्या जागा भाड्याच्या. तिथे फलक लावावा, संसार मांडू नये.

झगमग

बरं. वर लिहीत जाईन. पण वाईट लिहिणार नाही म्हणजे नाही.

चष्मीस

फोटोंबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. शिसपेन्सिल, तुझ्या सगळ्या लिपस्टिका नारिंगी दिसतात. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढतेस ना? घरातल्या पिवळ्या दिव्याचं रंग-तापमान साधारण २७०० ते ३००० केल्विन, दिवसाच्या उजेडाचं साधारण ५५००. कॅमेरा ते आपल्या परीने सावरायला जातो आणि तुझी विटकरी लिपस्टिक गाजराच्या रंगाची होते. दिवसा, खिडकीशी, थेट ऊन येत नसेल तिथे उभी राहा आणि घरातले दिवे बंद कर. खिडकी आणि दिवा एकत्र आले की एक गाल निळा, एक पिवळा.

हातभर अंतरावरून सेल्फी काढला की नाक मोठं दिसतं, तो दोष नाकाचा नाही, अंतराचा. फोन दूर ठेव, टायमर लाव, दुप्पट झूम कर. आणि ब्यूटी फिल्टर काढ बाई! फाउंडेशन कसं बसलं हे दाखवायला काढलेल्या फोटोत त्वचेवरची छिद्रंच गायब असतील तर तो फोटो कशासाठी काढला?

फाउंडेशनचा रंग मनगटावर दाखवू नकोस, जबड्याच्या कडेला लाव. लावल्यावर एक फोटो, अर्ध्या तासाने दुसरा. बरीच फाउंडेशनं हवेत आणि त्वचेच्या तेलात थोडी गडद होतात. हे दोन फोटो शेजारीशेजारी टाकणारे ब्लॉग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन लावलं असेल तर फ्लॅश नको, चेहरा पांढराफटक येतो.

निवांत_पाटी

तांत्रिक बाजू माझी. आपण देवनागरीत लिहितो म्हणून एक खड्डा खास आपल्याच वाट्याला येतो. लेखाचं शीर्षक देवनागरीत दिलं की वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) त्याचाच पानाचा पत्ता बनवतं. यूटीएफ-८ मध्ये (संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे आपल्या एका काना-मात्रेलाही नऊ अक्षरं! वर्डप्रेसच्या कोठ्यात पत्त्यासाठी जागा २००. बाविसाव्या चिन्हानंतर पत्ता कापलाच जातो. पुढे तो कुणाला पाठवला की टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ दिसते आणि समोरच्याला वाटतं व्हायरस आहे. शीर्षक खुशाल मराठीत ठेव, पत्ता मात्र हाताने, रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा दे. जुन्या लेखांचे पत्ते बदललेस तर जुन्यावरून नव्याकडे वळवायला विसरू नकोस.

दुसरं, तुझं पान उघडेपर्यंत माझा फोन तापला. कॅमेऱ्यातून आलेले फोटो जसेच्या तसे चढवतेस. रुंदी १२०० पिक्सेलवर आण, वेबपी स्वरूपात साठव, बहुतेक फोटो दोनशे केबीच्या आत बसतील. फोटोला पर्यायी मजकूर दे. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तोच वाचतो. 'फोटो ३' असा नव्हे, 'विटकरी लिपस्टिक, दिवसाच्या उजेडात, ओठांवर' असा.

आणि गूगलचं सर्च कन्सोल जोडलंयस का? ते फुकट आहे. लोक काय शोधत तुझ्यापर्यंत येतात ते त्यात दिसतं. जे लेख खूपदा दिसतात पण ज्यांवर क्लिक होत नाही, त्यांची शीर्षकं आधी बदल. नवे लेख नंतर.

शिसपेन्सिल

सगळ्यांचे आभार. फोन तापवल्याबद्दल माफी.

सर्च कन्सोल जोडलेलं होतं, पण आजवर कधी उघडलंच नव्हतं. काल रात्री उघडलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. एकसष्ट लेखांपैकी साठ लेखांवर शोधातून जवळजवळ कोणी येत नाही. एका लेखावर येतं. रोज येतं. तो लेख कोणता, ओळखा.

'वैताग, भाग ४'. मागे एकदा एका लग्नाहून आले, आरशात बघितलं तर मस्कारा चष्म्याच्या काचांवर आणि गालावर. रात्री साडेबारा वाजता रागारागाने लिहिला होता. फोटो एकच, तोही हललेला. लोक शोधतात 'चष्मा लावल्यावर मस्कारा पसरतो', आणि गूगल त्यांना माझ्या वैतागाशी आणून सोडतं. ते येतात आणि लगेच जातात, कारण त्यात उपाय काहीच नाही, नुसती बडबड आहे!

चष्मीस

अगं मग तो लिही ना पुन्हा! मी तर आयुष्यभर हेच शोधतेय. मावशी, मुळात तो पसरतो कशामुळे?

रसायन_मावशी

बहुतेक मस्कारे मेणाचे असतात, आणि मेण तेलात मऊ पडतं. पापण्यांचं आणि डोळ्यांखालच्या त्वचेचं तेल, वर लावलेलं आय क्रीम, सनस्क्रीन, सगळं मिळून तो सैल करतात. चष्मा असला की काचेआड ऊब आणि दमटपणाही साठतो. वॉटरप्रूफ घेऊन प्रश्न सुटतोच असं नाही, कारण तो पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. म्हणून तर तो काढायला तेलाचा क्लेन्झर लागतो.

यावर उतारा म्हणजे ट्यूबिंग मस्कारा. त्यात पॉलिमर असतात, ते सुकले की प्रत्येक पापणीभोवती बारीक नळी तयार होते. तेलाने ती विरघळत नाही. कोमट पाण्याने भिजवून हलकेच ओढलं की नळ्या अख्ख्या निघून येतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा पापण्याच गळल्या असं वाटून घाबराल, घाबरू नका. कोणताही मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्या, सुकला म्हणून त्यात पाणी घालू नका. डोळ्यांचा संसर्ग परवडत नाही.

चष्मीस

आणि पापण्या काचेला घासतात त्याचं काय?

आळशी_कोळी

त्याला चष्म्याच्या नाकपट्ट्या. त्या जरा आत वळवून घेतल्या की काच पुढे सरकते. माझं काम चष्मेवाल्याने उभ्याउभ्या करून दिलं. आणि वरच्या पापण्या फार लांबवू नकोस, मुळाशी दाट दिसतील एवढंच बघ. तपकिरी पेन्सिल पापण्यांच्या मुळांमध्ये भर, शिसपेन्सिलच्या यादीतली. शिसपेन्सिल, तुझ्या यादीतलं मला पटलेलं ते एकच.

शिसपेन्सिल

ठरलं. शीर्षक बदललंय: 'चष्मा लावल्यावर मस्कारा गालावर का उतरतो?' पत्ता छोटा केला, जुना नव्याकडे वळवला (निवांत_पाटी, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं). दोन ट्यूबिंग मस्कारे विकत आणलेत. एक उजव्या डोळ्याला, एक डाव्या डोळ्याला, तीन आठवडे रोज, दुपारी आणि रात्री एकेक फोटो, खिडकीशी. तोवर लेखाच्या वर 'प्रयोग चालू आहे' अशी ओळ टाकून ठेवलीय.

महिन्याच्या याद्या बंद. ऐंशी वस्तूंमधून आळशी_कोळीच्या नियमात काय बसतं ते काल कपाट उपसून बघितलं. दोन. तपकिरी पेन्सिल आणि सनस्क्रीन. ब्लश चार-सहा महिने वापरून मग बोलेन, सध्या तो सापडतच नाहीये.

दुसरा_फोन

नवीन सभासद. तिची बहीण. ब्लश माझ्याकडे आहे आणि मला तो खरंच आवडलाय, त्यामुळे परत मिळणार नाही.